चौकडीच्या आठ बाजू

मे महिन्यात बंगलोरला जाणाऱ्याने शाल न्यावी, छत्री न्यावी आणि 'तिथे काय, थंडगार!' म्हणणाऱ्या सांगलीकरांवर अर्धाच विश्वास ठेवावा. दुपारी चांगले उकडते. संध्याकाळी मात्र खांद्यावर काहीतरी लागते. मी याखेरीज एक भिंग, दोन डझन आखीव ताव, टाक, दौत आणि घडीची पट्टी नेली होती, कारण मी हवा खायला चालले नव्हते.

मी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. याद्या करणे हा माझा धंदाही आहे आणि व्यसनही. माझा धाकटा भाऊ शरद बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर आहे. विमानांची इंजिने जिथे चालवून तपासतात त्या खात्यात त्याने चौदा वर्षे काढली. एप्रिलमध्ये त्याचे कार्ड आले. 'ताई, सुट्टीत तीन आठवडे ये. रेकॉर्डींची यादी करायची आहे. तुझ्यासारखी यादी कुणाला जमत नाही. माझे कान चालले आहेत.' चौथे वाक्य त्याने असे लिहिले होते, जणू येताना मेतकूट आण.

मल्लेश्वरम

स्टेशनावर तो आला होता. मी त्याच्या उजव्या बाजूने चालत मालतीची, म्हणजे त्याच्या बायकोची, चौकशी करत होते आणि तो मला गाडी अर्सिकेऱ्याला किती थांबली ते सांगत होता. मग त्याने मला खांद्याला धरून डावीकडे आणले. "इकडून बोल. उजवा संपला. डावा थोडा आहे."

त्यांचे घर मल्लेश्वरमच्या एका आडव्या रस्त्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे जाळीचा व्हरांडा. सकाळी सहाला पितळी पेल्यात कॉफी येते. ती पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी ओतून ओतून निववायची असते. पहिल्या दिवशी मी ती साडीवर निववली. फुलवाली गजरा हातावर मोजून देते, आणि मालती तिच्याशी अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत हुज्जत घालते. 'स्वल्प जास्ती दे गं' हे तिचे वाक्य ऐकून मी हसले, तर म्हणाली, "वन्सं, तीन आठवड्यांत तुम्हीपण बोलाल." बोलू लागले.

शरदच्या रेकॉर्डी चारशे बारा. त्यातला निम्मा भाग जाझ आणि निम्मा युरोपातले या शतकातले संगीत. दोन्ही मला सारखेच परके. कानांची ही व्याधी वार्धक्याची नव्हे, आतल्या नसेची आहे, दिवाळीपर्यंत सगळेच जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सकाळी उठल्यावर तासभर डावा कान बरा चाले. नंतर आत शिट्टी सुरू होई आणि ती दिवस मावळेपर्यंत थांबत नसे. म्हणजे रोजचा एक तास. मी परत जाईपर्यंत वीस तास. त्या वीस तासांत काय ऐकायचे याची यादी आम्ही पहिल्याच सकाळी करायला बसलो. शाळेचे वेळापत्रक मी दरवर्षी करते. इतके निर्दय वेळापत्रक कधी केले नव्हते.

"हा मोठा बँड," मी नाव वाचून दाखवी.

"काट. मिठाईचं दुकान आहे ते. चकचकीत, आणि पोट भरत नाही."

"ही सिंफनी. चाळीस मिनिटं."

"काट. तेवढ्यात दहा जाझ होतात. शिवाय दुसरा भाग त्याने राजाला खूश करायला लिहिलाय, स्पष्ट कळतं."

"कोणत्या राजाला?"

"कोणत्यातरी. काट."

जे राहिले ते रोज सातला लागे. शरद डावा कान ग्रामोफोनच्या कर्ण्याला लावून, डोळे मिटून बसे. एका सकाळी एक सॅक्सोफोन लागला. मला तो पडसे झालेल्या माणसाने तक्रार करावी तसा वाटला, आणि मी तसे म्हटले. शरद रागावला नाही. "बरोबर. तक्रारच करतोय. पण बघ, एकच तक्रार दोनदा सारखी करत नाही. आपल्या गवयांखेरीज ही हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही." दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाकडच्या कुणाचे तरी पियानोचे तुकडे. प्रत्येक मिनिटभराचा. मुलीने फळ्यावर काहीतरी लिहून बाईंचे लक्ष जाण्याआधी पुसून टाकावे तसे. हेही मी म्हटले. तो म्हणाला, "ताई, तुला मतं आहेत की! चाळीस वर्षं कुठे ठेवली होतीस?"

मत या गोष्टीला त्या घरात फार किंमत होती. शरदचे एक मंडळ होते. कारखान्यातले, संशोधन संस्थेतले, कॉलेजातले आठ-नऊ जण दर रविवारी सकाळी त्याच्याकडे जमत. त्यांचा नियम असा, की रेकॉर्ड पडद्यामागे लावायची, कुणाची आहे ते सांगायचे नाही. सगळ्यांनी ऐकून चिठ्ठीवर आपले मत लिहायचे, मग नाव फोडायचे. आधी मत, मग नाव. मोठे नाव ऐकून माणूस खोटे बोलतो, असे शरदचे म्हणणे. गेल्या वर्षी त्याने मंडळ बंद केले. रविवारची पाळी लागली असे सगळ्यांना सांगितले. पाळी लागली नव्हती. कानांचे मंडळातल्या एकालाही ठाऊक नव्हते.

चिठ्ठ्या मात्र बिस्किटांच्या तीन डब्यांत जपलेल्या होत्या. त्यांचीही यादी मी सुरू केली.

कॅन्टोन्मेंट

पहिल्या रविवारी त्याने हट्टाने मला कॅन्टोन्मेंटात नेले. मल्लेश्वरमहून तिकडे बसने जाताना गाव बदलते. देवळे मागे पडतात, चर्चे लागतात, बायकांच्या साड्यांचे फ्रॉक होतात. इंग्रज गेले तरी त्यांचे रविवार तिथे राहिले आहेत. एका जुन्या हॉलमध्ये नाचाच्या बँडची सकाळची तालीम चालते. कुणीही बाकावर बसून ऐकावे. ट्रंपेटवाला एक पोक्त अँग्लो-इंडियन गृहस्थ होता, अंगात बनियन आणि गळ्यात टाय.

शरद ड्रमच्या अगदी पुढ्यात बसला. "हे बाकातून ऐकू येतं," म्हणाला. ते मलाही आले, बाकाच्या फळीपासून मणक्यापर्यंत. मग बाकीचे थांबले आणि ट्रंपेटवाला एकटाच वर चढत गेला. अगदी वरच्या सुरावर तो क्षणभर टेकला, आणि शरदने मला विचारले, "आत्ता लागला का तो सूर?"

त्याला वाटले होते, आपण कुजबुजलो. सगळा हॉल वळला. ट्रंपेटवाल्याने वाद्य खाली घेतले.

"लागला," मी म्हटले.

"काय?"

"लागला रे. लागला."

घरी आल्यावर त्याने यादीतून ट्रंपेटच्या सगळ्या रेकॉर्डी काटल्या. सहा तास मोकळे झाले.

सातवा रकाना

आठव्या-नवव्या दिवशी मी एका विशिष्ट संचापाशी आले. मध्य युरोपातल्या कुणा संगीतकाराची चौकडी होती ती. दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. चार जड रेकॉर्डी, आठ बाजू. शरदने शेवटच्या सकाळसाठी तीच राखून ठेवली होती, आणि का ते मालतीने मला सांगितले.

या चौकडीवर त्याने मंडळाच्या चक्रमुद्रित अंकात बारा पानांचा लेख लिहिला होता. त्याचे म्हणणे असे, की या संगीतात शेवट आधी येतो, दुसऱ्याच बाजूला; आणि पुढे सगळा वेळ तुकड्या-तुकड्यांनी त्याची कारणे शोधणे चालते. ती सापडत नाहीत आणि रचना वाक्याच्या मध्येच थांबते. दोन महायुद्धांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला शेवट आधीच दिसला होता, असे त्याने लिहिले होते. तो लेख मी वाचला आणि मला पटला. हे कबूल करणे भाग आहे.

मंडळात एकाला पटला नव्हता. गुरुनाथ, धारवाडचा, गणिताचा प्राध्यापक. सगळे त्याला गुरण्णा म्हणत. तो जाझच्या बाजूचा आणि शरदचा सर्वांत जवळचा मित्र. चौकडी मंडळात वाजली त्या दिवशीची त्याची चिठ्ठी मला डब्यात सापडली. 'दुसऱ्या वाढणीलाच मोसरन्ना वाढला. जेवण संपलं. मग हे सांबार कुणासाठी?' मोसरन्ना म्हणजे दहीभात. इकडे तो वाढला की पान संपले. शरदने भर मंडळात चिठ्ठी वाचून दाखवली आणि म्हणाला, ज्यांना रचना कळत नाही त्यांनी नाचाच्या हॉलमध्ये बसावे. गुरण्णा उठून गेला, तो परत आला नाही. त्याला तीन वर्षे झाली.

माझ्या यादीला सात रकाने होते. सातवा क्रमांकाचा. हा संच कुठल्याशा क्लबाच्या वाचनालयातून मोडीत निघालेला. क्लबाने मूळ लेबलांवर आपले पांढरे कागद डकवून जांभळ्या शाईने '१ अ, १ ब, २ अ, २ ब' असे लिहिले होते. म्हणून मी भिंगाने लेबलाभोवतीच्या कोऱ्या कड्यात कोरलेला बारीक आकडा वाचला. पहिल्या रेकॉर्डीवर शेवटी ४१, पाठीवर ४८. दुसरीवर ४२, पाठीवर ४७. तिसरीवर ४३ आणि ४६. चौथीवर ४४ आणि ४५.

हजेरीपटात असे आकडे आले असते तर मी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतले असते. मी चौथी रेकॉर्ड छत्रीच्या पिशवीत घातली, भाजीला जाते असे सांगितले आणि बसने कॅन्टोन्मेंट गाठले. जुन्या रेकॉर्डी विकणारा एक म्हातारा तिथे बसतो. त्याने कडेकडेने आकडा पाहिला आणि हसला.

"ये चेंजर का माल है, अम्मा. हात का नहीं."

मग त्याने चार बशा घेऊन समजावले. एक यंत्र असते, त्यावर रेकॉर्डींची चळत ठेवतात. एक संपली की दुसरी आपोआप वर पडते. चार बाजू अशा सलग वाजल्या की सगळी चळत तशीच उलटी करायची आणि पुढच्या चार ऐकायच्या. म्हणून पहिलीच्या पाठीवर आठवी बाजू असते. हाताने एकेक रेकॉर्ड उलटणाऱ्याने हा संच घेऊच नये.

शरदने घेतला होता. लेबले झाकलेली, आणि मंडळात रेकॉर्ड पडद्यामागे. तीन वर्षांपूर्वी नऊ शिकलेल्या माणसांनी ती चौकडी पहिली बाजू, आठवी, दुसरी, सातवी अशी ऐकली, प्रत्येकाने मत लिहिले, आणि एकट्या गणितवाल्याला दहीभात आधी वाढल्यासारखे ऐकू आले.

मी मालतीला स्वयंपाकघरात सांगितले. तिने सारातला डाव बाहेर काढून ठेवला. "वन्सं, नका सांगू. त्या लेखाशिवाय त्यांच्याकडे दुसरं काय आहे? ऐकू दे ना त्यांना शेवटचं, जसं हवं तसं."

तिचे बरोबर होते. पण शेवटच्या सकाळी रेकॉर्डी बदलणार होते मी. चूक आहे हे माहीत असून ती मी माझ्या हातांनी आठदा करायची, आणि त्याच्या विसाव्या तासाला ते चालू द्यायचे, हे माझ्याने होणार नव्हते.

बसवनगुडी

आधी गुरण्णाकडे गेले. बसवनगुडीत, त्या प्रचंड नंदीच्या देवळाच्या उताराला त्याचे घर आहे. पंचा नेसून, उघड्या अंगाने पेपर तपासत बसला होता. शरदची बहीण म्हटल्यावर शर्ट घालून आला, पण 'बसा' म्हणायला जरा वेळ घेतला.

"भाषावार राज्यं होऊन तीन वर्षं झाली की, ताई. धारवाडचा मी तुमच्या मुंबई राज्यातून ह्यांच्या म्हैसूर राज्यात आलो, तरी कुणी एवढा परका मानला नाही, जेवढा तुमच्या भावानं मानला."

मी ताव पुढे ठेवला. त्याने आकडे वाचले. गणितवाल्याला दुसरे काही सांगावे लागले नाही. तो इतका हसला की आतून त्याची आई डोकावली. "अय्यो, आठवी बाजू! मोसरन्नाच होता की तो!"

मग मी कानांचे सांगितले.

त्याने ताव माझ्याकडे सरकवला. लाल पेन्सिल पेपरांवर आडवी ठेवली. "कधीपासून?"

"वर्षापेक्षा जास्त."

"म्हणून मंडळ बंद केलं होय. आणि मी समजलो, माझ्यामुळं." मग म्हणाला, "मी येऊन काय करू, ताई? तो माझं ऐकणार नाही. आधी तरी कुठं ऐकत होता?"

हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. येतो असेही म्हणाला नाही. त्याच्या आईने मला कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, आणि कॉफी दिली. ते खाऊन-पिऊन मी निघाले.

पुन्हा मल्लेश्वरम

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, रेकॉर्ड लावायच्या आधी, मी शरदसमोर आकड्यांचा ताव ठेवला आणि डाव्या कानाशी दहा वाक्यांत सगळे सांगितले. त्याने तो वाचला. चौथी रेकॉर्ड हातात घेऊन खिडकीशी धरली. आकडा त्याला भिंगाशिवाय दिसला.

"तीन वर्षं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "ताई, तू लाल शाई बरोबर घेऊनच हिंडतेस ना?"

त्या सकाळी त्याने काही ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सातला उठे, व्हरांड्यात जाळीकडे तोंड करून बसे, आठ वाजून गेले की आत येई. मालती माझ्याशी कामापुरते बोले. माझ्या वेळापत्रकात त्या तीन तासांपुढे मी काहीच लिहिले नाही. ते अजून कोरे आहेत.

चौथ्या सकाळी मालतीच्या हातून पितळी पेला पडला. मला दचकायला झाले. शरदने मान वळवली नाही. मग पायाशी कॉफीचा ओघळ आला तेव्हा त्याने आधी तो पाहिला, नंतर आम्हा दोघींचे चेहरे पाहिले. त्याला कळले, की तीन दिवसांत आणखी गेले आहे.

"लाव," तो म्हणाला. "बरोबर लाव."

मी एक्केचाळीसपासून सुरुवात केली. त्याने कान कर्ण्याला टेकवला, मग तळहात ग्रामोफोनच्या पेटीवर ठेवला.

"व्हायोलिन चालू आहेत?"

"दोन्ही." हे मला ओरडून सांगावे लागले.

"मला फक्त चेलो येतोय. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय असा."

मी आठही बाजू बदलल्या. त्याने एकदाही हात काढला नाही. अठ्ठेचाळीसावी संपल्यावर मला समोर बसवले. "सांग. शेवट कसा आहे?"

मी काय सांगणार? मला त्यातले काही कळत नाही. पण त्याने विचारले मलाच होते आणि उत्तर मलाच द्यायचे होते. मी स्वयंपाकघरातली हिशेबाची पाटी आणून लिहिले, 'दार लावून घेतल्यासारखा. आपटून नाही. कडी घालून.'

"म्हणजे शेवट आहे."

मी मान हलवली.

"आणि तो शेवटी आहे." त्याने पाटी पुसली. "मला आता ठरवता यायचं नाही, ताई. हे जास्त चांगलं आहे की नुसतं बरोबर आहे, हे ठरवायला व्हायोलिन लागतात."

मग त्याने कार्ड मागितले आणि माझ्यादेखत लिहिले. 'गुरण्णा, चौकडी उलटसुलट वाजवली. चूक माझी. चिठ्ठी तुझी बरोबर. मला आता ऐकू येत नाही, तू येऊन ऐक.' ते कार्ड मीच टपालपेटीत टाकले.

गुरण्णा शनिवारी दुपारी चारला आला. माझी गाडी रविवारची होती. दारात दोघे उभे राहिले. गुरण्णा काहीतरी बोलला, शरदला ते ऐकू गेले नाही. त्याने नुसते खुर्चीकडे बोट केले. मी रेकॉर्ड लावली.

गुरण्णा डोळे मिटून ऐकत होता. शरद त्याच्याकडे बघत होता. आठही बाजू, अर्धा तास, त्याने त्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. कुठे भुवई हलली, कुठे ओठ दुमडले, तिथे तो पेटीवरचा हात घट्ट दाबी. मालती स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. माझ्या मनात एवढेच, की या माणसाने आता दया दाखवू नये.

शेवटची बाजू संपली. गुरण्णाने माझ्यापुढचा कोरा ताव ओढला, पेन्सिलीने लिहिले आणि शरदपुढे केला.

'क्रम बरोबर. तरी मला आवडली नाही.'

शरदने ते दोनदा वाचले. मालतीने तोंडाला पदर लावला.

"का?" शरद ओरडला. त्याला आपला आवाज कळत नव्हता. "कारण लिही, गणितवाल्या! नुसतं आवडली नाही म्हणून चालायचं नाही. कारण!"

गुरण्णा बोलू लागला, थांबला, खुर्ची पुढे ओढून वाकला आणि लिहायला लागला. शरद त्याच्या खांद्यावरून प्रत्येक शब्द उमटताना वाचत होता, आणि ओळ पुरी व्हायच्या आत "चूक!" म्हणत होता. सुई रेकॉर्डीच्या शेवटच्या रिकाम्या कड्यात फिरत राहिली होती, खर्र, खर्र. त्यांच्यातल्या एकाला ती ऐकू येत नव्हती आणि दुसरा लिहिण्यात होता. मी उठून ती उचलली.